तेरा तारखेची संध्याकाळ

आमच्या हॉस्पिटलच्या बॉयलरवर जे बसायचे, त्यांना सगळे बंबवाले म्हणायचे. बॉयलर म्हणजे खोलीएवढं धूड, वरचे पाच मजले त्याच्या वाफेवर चालतात. आणि हे गृहस्थ नोकरीच्या पहिल्या दिवशी आले ते विचारतात, "बंब कुठं आहे?" झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच. बावीस वर्षं ते त्या नावाला ओ देत राहिले. मी मात्र त्यांना दादा म्हणायचे.

मी शेजारच्या लाँड्रीत. चादरी, रुग्णांचे गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं आमच्याकडे धुऊन, कडक करून, घडी होऊन वर जायचं. लाँड्री आणि बॉयलरची खोली यांच्यात एक लोखंडी दार. मी तोंडाची फटकळ, कुणाला सोडत नाही. दादा माझ्या अगदी उलट. दिवसाला दहा वाक्यं बोलायचे, त्यातली सात बॉयलरशी. एका स्टुलावर बसून समोरच्या काचेच्या नळीतलं पाणी बघायचं आणि वरच्या काट्यावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. दिसायला रिकामटेकड्याचं. मी एकदा तसं म्हणाले, तर म्हणाले, "ताई, या नळीतलं पाणी तळाला गेलं आणि मी बघितलं नाही, तर तुमच्या चादरींसकट आपण सगळे वर जाऊ. लिफ्ट न लावता." तेव्हापासून मी त्यांच्या बसण्याला नावं ठेवणं बंद केलं.

बॉयलरवर कुणीही बसून चालत नाही. त्याची सरकारी परीक्षा असते, दाखला असतो. आमच्याकडे दाखलेवाले दोनच, दादा आणि धाकटा. धाकट्याला धाकटा म्हणायचं कारण तो दादांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बाकी पोरं त्याचीही मोठी झालीत.

बॉयलरच्या खोलीच्या दारामागे एक कॅलेंडर असायचं. आता नाही. आमच्याकडे तळमजल्यावर कामाला नाना धर्मांची माणसं, आणि ऑफिस सुट्टी द्यायचं ती सरकारी यादीतली. ज्याचा मोठा दिवस त्या यादीत नाही, त्यानं काय करायचं? त्यावर दादांनी उपाय काढला होता. दरवर्षी नवीन कॅलेंडर आलं की प्रत्येकानं आपल्या रंगाच्या पेन्सिलीनं आपले दिवस रंगवायचे. माझा लाल, धाकट्याचा हिरवा, कपडे गोळा करणाऱ्या मावशींचा पिवळा. मग आपसात ठरायचं: तुझ्या दिवशी मी येतो, माझ्या दिवशी तू ये. ऑफिसात चिठ्ठी नाही, अर्ज नाही. जुन्या सुपरवायझर बाईंना सगळं ठाऊक होतं, त्या त्या दाराकडे बघायच्याच नाहीत. आणि सगळ्यांच्या सगळ्या दिवसांना हजर कोण, तर दादा. माझ्या सणाला तर ते काचेवर नजर ठेवून माझ्या चादरींच्या घड्या घालायचे. वाईट घालायचे. दुसऱ्या दिवशी मला निम्म्या परत घालाव्या लागायच्या, पण माणूस घालायचा.

दादांची पेन्सिल निळी. वर्षात खूण एकच, थंडीच्या महिन्यात. पण ती खूण तिरपागडी. तेरा तारखेच्या चौकोनाच्या मधोमध सुरू व्हायची आणि चौदाच्या मधोमध संपायची. मी विचारलं, "दादा, हे दोन अर्धे दिवस कसले? एक अख्खा घ्या की."

"एकच आहे तो. आमचा दिवस मावळतीला सुरू होतो."

"म्हणजे आधी रात्र, मग दिवस? मजा आहे. आधी झोपायचं, मग दमायचं."

ते हसले होते. हे मी आठवून सांगत नाही, ते माझ्या डोक्यातून जातच नाही. मला माहीत होतं. अठरा वर्षं मी ती निळी रेघ बघत होते.

त्यांची माणसं थोडी. शहरात सगळी मिळून चाळीस घरं, लाकडाच्या वखारीच्या वर एक दिवाणखाना, तेच त्यांचं प्रार्थनेचं ठिकाण. त्या एका संध्याकाळी वर्षभरात गेलेल्या माणसांची नावं तिथं वाचतात. प्रत्येक नाव तीनदा. तिसऱ्यांदा झालं की घरातल्या कुणीतरी उठून म्हणायचं, "आहे." मग ते नाव भिंतीवर लिहितात. कुणी बोललं नाही तर नाव भिंतीवर जात नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा वाचतही नाहीत.

"गेलेल्याला आहे म्हणायचं?" मी म्हटलं.

"तो स्वतः म्हणू शकत नाही, म्हणून," दादा म्हणाले.

आता वहिनी. दादांची बायको. रोज दुपारी साडेबाराला डबा घेऊन यायची, मागच्या फाटकानं. दादा जेवत तोवर ती रिकामी बसायची नाही, माझ्या ढिगातले फाटके गाऊन ओढून टाके घालायची. मूलबाळ नव्हतं त्यांना. माझ्या मुलीचा शाळेचा युनिफॉर्म पाच वर्षं वहिनीनं शिवला, आणि शिलाईचा विषय काढला की म्हणायची, "वन्सं, भाचीकडून घेतात का?" मी तिच्या नवऱ्याला दादा म्हणते, म्हणून मी वन्सं. थट्टाच होती, पण पंधरा वर्षं एकच थट्टा केली की ती थट्टा राहत नाही.

ती गेली ती आमच्याच हॉस्पिटलात, चौथ्या मजल्यावर, तीन आठवडे पडून. शेवटच्या दिवशी दादा खालीच होते. माझा सण होता त्या दिवशी. मी घरी नवे कपडे घालून बसले होते आणि दादा माझ्या चादरींच्या घड्या घालत होते. वरून बोलावणं आलं. बॉयलर सोडून जाता येईना. धाकट्याला फोन केला, त्याला पोचायला चाळीस मिनिटं लागली. दादा वर गेले तेव्हा नर्स चादर बदलत होती. ती जुनी चादर खाली माझ्याकडेच आली, दुसऱ्या दिवशी. मला हे नंतर कळलं. दादांनी मला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी नवीन मॅडम आल्या. या मॅडम वाईट नव्हत्या, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून लोक त्यांना शिव्या घालतात. त्यांनी आल्या आल्या भिंतींना रंग लावून घेतला, त्यात ते कॅलेंडर गेलं. आणि मग सगळ्यांना बोलावून सांगितलं, की यापुढे प्रत्येकाला आपापल्या धर्माच्या दोन दिवसांची भरपगारी सुट्टी, हक्काची. फोनवर फॉर्म भरायचा, वर्षाच्या सुरुवातीला. आपसातली अदलाबदल बंद, कारण त्यात कुणावर तरी अन्याय होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी. मला वाटलं, एवढी वर्षं दाराआड चोरून केलं, ते आता उजळ माथ्यानं मिळणार. कुणाचे उपकार नकोत.

दादांचा फोन बटणांचा. तळमजल्यावरच्या निम्म्या लोकांचे फॉर्म मीच भरत होते, त्यांचाही घेतला. धर्माच्या यादीत त्यांचा धर्मच नव्हता. मी "इतर" दाबलं. "इतर" दाबलं की फॉर्म धर्मसंस्थेचं पत्र मागत होता, ते दादांनी दोन दिवसांत आणलं.

"तारीख?" मी विचारलं.

"चौदा."

मी चौदा दाबलं. दुसऱ्या सुट्टीची जागा रिकामीच सोडली, त्यांचा दिवस वर्षात एकच. पत्रातही चौदाच होतं. त्यांच्या लेखी ती चौदाच, तेराचा सूर्य मावळला की चौदा लागलीच. फॉर्मवर एका तारखेला एक चौकोन होता, मधोमध सुरू होणारी रेघ त्यात मावत नव्हती. त्याचा काही दोष नाही, तो बिचारा फॉर्म. पण मी? मी जरा डोकं चालवायला नको? त्या वेळी मी पुढच्या चार जणांचे फॉर्म भरायच्या घाईत होते, आणि शिवाय मॅडमनी माझं कौतुक केलं होतं, त्याचा तोरा होता.

सुट्टी मंजूर झाली. मॅडम स्वतः खाली आल्या, दादांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्यासारख्यांसाठीच तर हे सगळं केलं." दादा म्हणाले, "यंदा जायलाच हवं होतं. घरात मी एकटाच उरलोय." मॅडमना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला.

ड्यूटीचा तक्ता लागला. त्यात चौदाला दादांना सुट्टी. त्या दिवशी धाकट्याला सलग दोन पाळ्या, म्हणून नियमाप्रमाणे त्याला तेराला विश्रांती. सगळं नियमात, कुठं बोट ठेवायला जागा नाही. दादांनी तक्त्यात आपली सुट्टी बघितली आणि पुढचं बघितलंच नाही. बावीस वर्षं आदल्या दिवशी चार वाजता कुणीतरी दारातून येऊन "निघा आता" म्हणत आलं होतं. यंदाही येईल, हे त्यांनी धरून ठेवलं होतं.

तेराला दुपारी साडेचारला मी कसल्याशा कामानं ते लोखंडी दार उघडलं. दादा स्टुलावर बसले होते. अंगात पांढराशुभ्र शर्ट, केस ओले करून विंचरलेले, पायांत चपलांऐवजी बूट. त्या बॉयलरच्या खोलीत ते इतके स्वच्छ मी कधी बघितले नव्हते.

"धाकटा अजून आला नाही," ते म्हणाले.

ती निळी रेघ तेव्हा डोळ्यांपुढे आली. तेव्हा. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ना, तसं.

मी धाकट्याला फोन लावला. लागेना. तो सासुरवाडीला गेला होता, घाटापलीकडे, पोचायला चार तास. मग मॅडमना लावला. मी बोलले ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पण त्यांना उद्या सुट्टी आहे ना?" मी म्हटलं, त्यांचं उद्या आज संध्याकाळी सुरू होतं. त्या म्हणाल्या, असं कसं? मी पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग फॉर्मवर आजची तारीख का नाही टाकली?" मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी माणूस द्या. मग त्यांनी खरोखर प्रयत्न केला, दुसऱ्या हॉस्पिटलात फोन लावून बघितला, पण दाखल्याचा माणूस अर्ध्या तासात कुठून मिळणार?

मी दादांना म्हटलं, "बंद करा बॉयलर. दोन तासांनी काही कुणी मरत नाही."

"वर दोन पोटं उघडी आहेत," दादा म्हणाले. "ऑपरेशनची अवजारं वाफेवरच साफ व्हायची आहेत. तिसरं पोट सहाला." त्यांनी काचेकडे बघितलं. "मरतात, ताई."

"मग मी बसते इथं. पाणी खाली गेलं की वाल्व फिरवायचा, अठरा वर्षं बघतेय."

"तुमच्याकडे दाखला नाही."

मी खूप बोलले त्यावर. दाखल्याला बोलले, हॉस्पिटलला बोलले, मॅडमच्या सात पिढ्यांना बोलले. आणि सगळ्यात शेवटी स्वतःला. म्हटलं, "दादा, चूक माझी आहे. मी दाबलं चौदा." ते म्हणाले, "मीच चौदा सांगितलं." एवढंच. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या ते दुमडायला लागले.

ते बघवेना. मी म्हटलं, "मी जाते तिकडे. मी म्हणते 'आहे'."

"घरातलंच माणूस लागतं."

"आणि मी कोण मग? पंधरा वर्षं ती मला वन्सं म्हणत होती, ती काय फुकटची? नवऱ्याची बहीण घरातली नसते का?"

दादा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जा मग. वखारीच्या बाजूनं जिना आहे. बायका डावीकडे बसतात. तीनदा नाव घेतील. तिसऱ्यांदा झालं की उठायचं आणि म्हणायचं. मोठ्यानं म्हणा, वाचणारे म्हातारे आहेत, त्यांना कमी ऐकू येतं."

"सगळं कळलं. बस चुकेल माझी," मी म्हटलं, आणि पळाले.

पोचले तेव्हा दिवे लावत होते. साधी खोली, चटया, तीन बाजूंच्या भिंतींवर खालपासून वरपर्यंत बारीक अक्षरांत नावं. शंभरेक माणसं होती. मी डावीकडे शेवटच्या रांगेत बसले. माझ्या कपड्यांना साबणाचा आणि ब्लीचचा वास येत होता. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली. एक म्हातारे गृहस्थ कागद घेऊन उभे राहिले आणि वाचायला लागले.

त्यांच्यात आडनाव नाही वाचत. नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, काही नाही. नुसतं एक नाव, तीनदा. पहिल्याला एक तरुण मुलगा उठला, म्हणाला, "आहे." दुसऱ्याला दोघी बहिणी एकदम उठल्या. मी मनातल्या मनात तो एक शब्द घोकत होते. तिसरं झालं, चौथं झालं. पाचवं नाव एका बाईचं होतं. तीनदा वाचलं, आणि कुणीच उठलं नाही. म्हातारे थांबले. लोक वळून दाराकडे बघायला लागले, म्हणून मीही वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. माझ्या मनात आलं, कोण ही अभागी, हिचं म्हणायला एक माणूस येऊ नये. मी चुकचुकले. म्हाताऱ्यांनी बराच वेळ वाट बघितली, मग पुढचं नाव घेतलं.

नऊ नावं झाली. कागदाची घडी झाली. मी अजून वाट बघत होते.

मग मी उभी राहिले आणि म्हटलं, "वहिनी राहिल्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हाताऱ्यांनी कानाला हात लावला. शेजारच्या बाईनं विचारलं, "कुणाचं नाव राहिलं?"

मी तोंड उघडलं, आणि मला नाव येईना. विसरले नव्हते. मला ते माहीतच नव्हतं. पंधरा वर्षं तिच्या हातचे टाके घातलेले गाऊन घडी केले, तिनं माझ्या मुलीला मांडीवर घेऊन मापं घेतली, आणि तिला नाव असेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी म्हटलं, "हॉस्पिटलच्या बॉयलरवर असतात त्यांची बायको." त्या बाईनं तोंडावर हात नेला. म्हणाली, "अहो, ते वाचलं. ते पाचवं."

मी म्हाताऱ्यांच्या पुढे जाऊन हात जोडले. पुन्हा एकदा वाचा म्हटलं, दहादा म्हटलं. त्यांना ऐकू आलं नाही असं नाही, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "बाई, तीनदाच वाचतात," ते म्हणाले.

मी परत आले तेव्हा साडेसात वाजले होते. दादा काचेसमोर बसलेले, पांढऱ्या शर्टाला पाठीवर घामाचा मोठा डाग. मला बघून उभे राहिले.

"म्हणालात?"

"म्हणाले."

"मोठ्यानं?"

"हो."

"नाव नीट घेतलं ना त्यांनी? पहिलं अक्षर गिळतात ते."

"नीट घेतलं," मी म्हटलं. तेवढं एक खरं होतं.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. मग बसले, आणि तोंड फिरवून काच बघत राहिले. त्या माणसाला मी अठरा वर्षांत पहिल्यांदा रडताना बघितलं, आणि ते समाधानानं रडत होते.

चौदाला त्यांना मंजूर सुट्टी होती. ती त्यांनी घेतली. भिंतीवरचं नाव बघायला गेले असणार, दुसरं कशाला जातील? भिंतीवर त्या वर्षीची आठ नावं होती.

पंधराला मी कामावर आले. जिन्यात मॅडमनी थांबवून विचारलं, "मग, छान झाला का त्यांचा सण?" मी पुढे गेले. लोखंडी दार उघडं होतं. दादा रोजच्या मळक्या शर्टात स्टुलावर बसले होते. मी उंबऱ्यातच उभी राहिले, शिव्या खायच्या तयारीनं.

त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. काचेकडे बघत त्यांनी एक नाव घेतलं. ते पाचवं नाव. सावकाश, पहिलं अक्षर न गिळता. मग पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा, आणि थांबले.

"आहे," मी म्हटलं.

दादांनी मान हलवली. वाल्व अर्धा फिरवला, पाणी वर येईस्तोवर बघत राहिले.

"एवढंच म्हणायचं होतं, ताई," ते म्हणाले.